व्हर्ना टकवेलची बुटकी कॉम्बी

व्हर्ना टकवेलने उभ्या जन्मात कुणाचा हात धरून गाडीत पाय ठेवला नव्हता, आणि सत्तरी उलटून वर सात वर्षं गेली तरी तो धरायचा तिचा विचार नव्हता. पण डाव्या खुब्याने दगा दिला होता. डॉक्टरांनी जुना काढून नवा बसवला. नवा खुबा सपाटीवर झकास चालायचा, दुकानात, चर्चमध्ये, पत्त्यांच्या टेबलाशी त्याची कसली तक्रार नव्हती. पाय वर उचलायचा म्हटलं की मात्र मध्येच संपावर जायचा. मागच्या दारची पायरी त्याला मंजूर होती. कॉम्बीचा उंबरठा मंजूर नव्हता.

कॉम्बी, म्हणजे आत झोपायची सोय असलेली जुनी व्हॅन, तिच्या नवऱ्याची, क्लॅरीची. त्याने ती घेतली तेव्हा मुलगा डेस पाळण्यात होता. वरचं अंग पांढरं, खालचं नारिंगी, छप्पर छत्रीसारखं वर उचलणारं, चपट्या नाकाची ती गाडी दर वर्षी ऐन उन्हाळ्यात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, बुलाय गावातल्या घरातून निघायची आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला पेलिकन इनलेटच्या सुट्टीच्या तंबूतळावर जाऊन थांबायची. क्लॅरी गेला, पण गाडी निघायची थांबली नाही. आणि गाडीचा एक कायदा होता. आधी व्हर्ना चढणार. ती सरकत्या दाराशेजारच्या आपल्या जागेवर ऐसपैस बसणार, मग एकेकाचं नाव पुकारणार, पाय झटकायला लावणार आणि आत घेणार. नाव पुकारल्याशिवाय आत घुसलेल्या पोराला तिने एकदा भर उन्हात पुन्हा खाली उतरवलं होतं. ते पोर म्हणजे डेस. आता त्याला टक्कल पडलंय, पण आईचा कायदा तोच आहे.

गेल्या वर्षी व्हर्ना गेली नाही. "टोमॅटोंना पाणी कोण घालणार?" म्हणाली. खरी गोष्ट अशी की नाताळच्या आदल्या सकाळी, घरात कुणी नसताना, ती एकटीच गाडीच्या शेडमध्ये गेली होती. दार सरकवलं, दाराशेजारची मूठ धरली, पाय उचलला. पाय अर्ध्यावर थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा तिथेच. कुंपणावरची मॅगपाय मान वाकडी करून बघत होती. "काय बघतेस, तुला तर उडता येतं," असं तिला सुनावून व्हर्ना घरात आली, आणि त्या दिवशी टोमॅटोंवर तिचं प्रेम जडलं.

कुणी म्हणेल, एक छोटं स्टूल ठेवायचं खाली, आहे काय त्यात. तिथेच तर घोडं अडलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी पेलिकन इनलेटला शेजारच्या जागेवरची नोरीन पास्क आपल्या कॅरॅव्हॅनमधून प्लास्टिकच्या स्टुलावर पाय देऊन उतरली. पंधरावीस माणसं कोळंबी सोलत बसलेली. व्हर्नाच्या जिभेला कधीच हाड नव्हतं. ती भर मंडळीत ओरडली, "अगं नोरीन, सर्कस कधी आली? हत्ती उतरवताना बँड तरी वाजवायचा!" सगळा तळ हसला. नोरीनही हसली, पण पुढचे काही दिवस पत्ते खेळायला आली नाही. टकवेलांच्या नातवंडांनी तर तो शब्द डोक्यावरच घेतला. घरात कुठलंही स्टूल दिसलं की ते हत्तीचं स्टूल.

आता त्या स्टुलावर व्हर्ना पाय ठेवणार? त्यापेक्षा पोहत जाईल.

तर असं सगळं डोक्यात घोळत असताना, हिवाळ्यातल्या एका रविवारी, भाजलेल्या मटणावर पुदिन्याची चटणी ओतता ओतता तिने जाहीर केलं, "डेस, कॉम्बी खाली घ्यायची आहे."

डेसने खिडकीतून बाहेर पाहिलं. "खालीच आहे की. शेडमध्ये."

"खाली म्हणजे बुटकी. जमिनीलगत. तुझा तो मित्र करतो ना, शॉर्टी, तसली."

शॉर्टी कॉग्लन म्हणजे साडेसहा फुटी माणूस, म्हणून शॉर्टी. गावातल्या निम्म्या गाड्या त्याने जमिनीला टेकवून ठेवल्या होत्या. त्या रस्त्याने जाताना दिसल्या की हीच व्हर्ना म्हणायची, "बघा, पोट घासत पाल चालली."

डेसचा काटा हवेत राहिला. "मम, तू पाल म्हणायचीस त्यांना."

"मला पाली आवडतात."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. जेव."

डेसची बायको बिल्याना ताटातून मान न उचलता ऐकत होती. बिल्यानाचे आईबाप मॅसेडोनियातून पोलादाच्या कारखान्यात कामाला आलेले. सासूला तोंडावर उत्तर देणारी घरातली ती एकटी, आणि म्हणूनच व्हर्नाला ती मनातून पसंत होती. ते बोलून दाखवायचा प्रश्नच नव्हता.

"बाबाने एक नटसुद्धा बदलला नाही त्या गाडीचा," डेस म्हणाला. "क्लबवाले मला जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीतून हाकलून देतील. सगळं ओरिजनल आहे त्यात."

"ओरिजनल तुझा बाप होता. गाड्या त्या कारखान्याने लाखांनी काढल्या."

"आणि एकदम हे फॅशनचं खूळ..."

"म्हातारीने फॅशन केली तर पोलीस धरतात का?"

आता बिल्यानाने मान वर केली. सासूकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "गाडी उघडणारच असाल तर आतलंही करून घेऊ. तीन पोरं आहेत, सीटचे पट्टे दोनच आहेत. फ्रिज नाही. तो जुना पलंग उघडला की माझ्या पाठीची घडी होते. कुटुंबाची गाडी हवी मला, म्युझियम नको."

"बघ, बिलीला अक्कल आहे," व्हर्ना म्हणाली. हे वाक्य त्या घरात आधी कधी उच्चारलं गेलं नव्हतं. जेवण आटोपून डेसने शॉर्टीला फोन लावला.

मग दर शनिवारी शॉर्टीच्या शेडमध्ये काम सुरू झालं. पलंग निघाला, जुनं लाकूड निघालं, खाली गंजाच्या दोन चंद्रकोरी निघाल्या, त्यांना पत्र्याचं ठिगळ लागलं. मधल्या आणि मागच्या बाकाला प्रत्येकी तीन पट्टे आले. मागचा बाक असा केला की रात्री ओढला की दोघांची गादी, आणि छपराखाली पोरांसाठी कापडी झोळ्या. ओट्याखाली छोटा फ्रिज बसला. बाकांच्या गाद्या व्हर्नाने केल्या. तिचं मासे-चिप्सचं दुकान बंद झालं तेव्हा ग्राहकांच्या बाकांचं लाल रेक्झिन तिने गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. ते काढून तिने मशीनवर शिवलं. ऊन तापलं की त्याला अजून व्हिनेगरचा वास यायचा. झोरा, चौदा वर्षांची थोरली नात, नाक मुरडून म्हणाली, "नॅन, गाडीत बसलं की चिप्स खावेसे वाटतात."

"मग खा. तुझ्या आजोबांचा सगळा संसार त्यावर चालला."

पण व्हर्नाचं लक्ष गाद्यांत नव्हतं. ती सॉसेज रोल्सचा डबा घेऊन शेडमध्ये खुर्ची टाकून बसायची आणि गाडीच्या उंबरठ्यावर नजर ठेवायची. कॉम्बीच्या मागच्या चाकांवर गुंडाळीच्या स्प्रिंगा नसतात. पोटातून आडवा जाड गज गेलेला असतो, तो पिळला जाऊन सगळं वजन पेलतो. गजाच्या टोकाला दाते. तो काढून एक दाता फिरवून बसवला की गाडीचं बूड तेवढं खाली येतं. पुढच्या बाजूलाही शॉर्टीने तसंच वरखाली करता येईल असं जोडकाम केलं होतं.

"झालं, मिसेस टकवेल," शॉर्टी हात पुसत म्हणाला. "कशी दिसते?"

"दोघं जा आणि चहा करून आणा. मी बघते."

डेस आणि शॉर्टी गेले. व्हर्नाने इकडेतिकडे पाहून दार सरकवलं, मूठ धरली, पाय उचलला. बुटाचं टोक उंबरठ्याला लागलं आणि घसरलं. ती येऊन खुर्चीत बसली. चहा आला.

"अजून एक दाता," ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी पुन्हा चहा. या वेळी पाऊल वर पोचलं, पण बाकीची व्हर्ना खालीच राहिली.

"अजून एक."

"अजून?" डेस म्हणाला. "मम, रस्त्यावरचं च्युइंगम लागेल खाली!"

"अजून एक दाता, डेस."

त्यानंतरच्या शनिवारी चहा घेऊन दोघं आत आले तर खुर्ची रिकामी. व्हर्ना कॉम्बीच्या आत, अजून गादी न घातलेल्या फळीवर, पर्स मांडीवर घेऊन बसलेली. गाल लाल झाले होते.

शॉर्टीने विचारलं, "तुम्ही आत कशा आलात?"

"दारातून. तुझ्याकडे दुसरी सोय आहे का?"

"ठीक," शॉर्टी खाली वाकून गाडीच्या पोटाकडे बघत म्हणाला, "पण इतकी खाली मी ठेवली नसती. रिकामी आहे तोवर छान. उद्या सगळे बसले, सामान भरलं की..."

"आम्ही काय सिमेंटची पोती आहोत?"

"तसं नाही, पण..."

"नाही ना? मग झालं. हीच उंची. रंगाला घे."

शॉर्टी मनगटाएवढे नट दोन बोटांनी सोडवणारा माणूस, पण व्हर्नापुढे त्याची बोलती बंद व्हायची. लहानपणी तिच्या दुकानात त्याने उधारीवर बटाट्याची पुष्कळ भजी खाल्ली होती. गाडीची तपासणी रिकाम्या गाडीचीच झाली, ती काठावर पास झाली, आणि प्रकरण मिटलं.

नाताळचा दुसरा दिवस उजाडला तोच तापलेला. झाडाझाडावर सिकाडा किरकिरत होते. कॉम्बी शेडमध्ये उभी होती, नारिंगी-पांढरी, चकचकीत, टायरांना पांढऱ्या कडा, आणि इतकी बुटकी की शेजारचा माणूस कुंपणावरून पाहून म्हणाला, "डेस, पंक्चर झालीय रे चारही चाकं."

व्हर्नाने लिपस्टिक लावली होती. निळा ब्लाउज इस्त्री केला होता. सगळी मंडळी कायद्याप्रमाणे रांगेत उभी राहिली. तिने दार सरकवलं, मूठ धरली, आणि जणू काही विशेष नाही अशा थाटात, एक, दोन, आत. बसली. ब्लाउज सारखा केला.

"झोरा!" तिने पुकारलं. "पाय झटक. लाची! फिन, तुझ्या हातात काय आहे? खेकडा आत येणार नाही. बिली, ये गं. डेस, तू चालवणार आहेस, तुला निमंत्रण लागत नाही."

मग सामान आलं. नाताळचं उरलेलं अख्खं हॅम, बर्फाची पेटी, कलिंगड, लाटांवर घसरायच्या फळ्या, तंबूचं कापड, आणि बिल्यानाच्या पालक-चीजच्या झेल्निकचं मोठं ताट, जे ती कुणाच्याही मांडीवर द्यायला तयार नव्हती. दार बंद झालं. व्हर्नाने खिडकीबाहेर पाहून एक सुस्कारा टाकला. दोन वर्षांनी ती आपल्या जागेवर होती, स्वतःच्या पायाने, आणि जगात कुणाला काही कळलं नव्हतं.

बुलायची घरं डोंगराच्या उतारावर. फाटकापासून रस्त्यापर्यंत सिमेंटची तीव्र उतरण, आणि खाली गटाराची कड. डेसने गाडी हळूहळू मागे सोडली. मागची चाकं कडेवरून उतरली. आणि पोटाखालून असा आवाज आला, जसा कुणी खुर्ची ओढत चर्चभर नेतोय. गाडी थांबली. पुढेही जाईना, मागेही जाईना.

"बाबा," फिन म्हणाला, "पाल अडकली."

सगळे उतरले तशी गाडीने जरा अंग उचललं, आणि डेसने ती कशीबशी पुन्हा वर घेतली. सिमेंटवर एक पांढरा ओरखडा राहिला. शेजारचा माणूस झाडांना पाणी घालायचं सोडून खुर्ची आणून बसला. शॉर्टीला फोन गेला. तो रबरी सपाता आणि डोक्यावर काल रात्रीच्या नाताळच्या जेवणातला कागदी मुकुट तसाच घेऊन आला, गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच बोलला, "काही तुटलं नाही. पण एवढी माणसं घेऊन ही अशी जायची नाही. दोन दाते वर घ्यायला हवेत. मागेपुढे. दुपारपर्यंत करून देतो."

"नाही," व्हर्ना म्हणाली.

"मम, दुसरा उपाय नाही."

"सामान काढा. शेजाऱ्याच्या पिकअपमधून जाऊ दे."

सामान काढून पाहिलं. सगळे पुन्हा बसले. पुन्हा तोच आवाज, जरा बारीक.

"मग पोरांना..."

"पोरांना काय?" बिल्याना म्हणाली. "टपालाने पाठवू? मम, गाडी कुटुंबासाठी केलीय ना? मग कुटुंब बाहेर आणि गाडी आत, असं कसं?"

"नॅन, दिसायला दोन दाते वर पण मस्तच दिसेल," झोरा समजुतीच्या सुरात म्हणाली.

व्हर्नाने सगळ्यांकडे पाहिलं. पोरांच्या नाकावर पांढरं क्रीम होतं. लाचीने पोहण्याचा चष्मा घरूनच डोळ्याला लावला होता. दोन दाते वर म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तिचा पाय ते बघून आला होता. तिने पर्स बंद केली. खटकन आवाज झाला.

"घ्या वर," ती म्हणाली. "आणि जा तुम्ही. माझं तसंही काम आहे इथे. टोमॅटोंना पाणी कोण घालणार?"

ती वळून घराकडे चालू लागली. मान ताठ. ब्लाउज निळा. चालताना बिचारा खुबा काही म्हणत नव्हता.

"कुठले टोमॅटो?" मागून बिल्याना म्हणाली.

व्हर्ना थांबली.

"यंदा तुम्ही टोमॅटो लावलेच नाहीत, मम. वाफ्यात गवत आहे. मी स्वतः उपटलं परवा."

  व्हर्ना वळली. तिला वाटलं होतं, ही वेळ आली तर आपण काहीतरी जोरदार बोलू. पण जोरदार असं काही सापडलंच नाही.

"पाय चढत नाही माझा," ती म्हणाली. "झालं समाधान? उंच असली की चढत नाही. गेल्या वर्षीही चढला नाही. आता गावात दवंडी पिटा."

डेसचं तोंड उघडं पडलं. "म्हणून... म्हणून तू मला बाबाची गाडी..."

"हो."

"आणि पाली?"

"पाली मला कधीच आवडल्या नाहीत. ओंगळ जात."

"अगं मग सांगायचंस! एक साधं स्टू..."

"नाव काढू नकोस!"

"हत्ती!" लाची आणि फिन एका सुरात ओरडले, आणि मग स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून उभे राहिले. पण उशीर झाला होता. शॉर्टी गाडीखाली हसायला लागला, तो हसताना गाडी हलू लागली. बिल्याना ताट छातीशी धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. "आणि मी सहा महिने डेसला सांगतेय, तुझ्या आईचं डोकं फिरलं! डोकं जागच्या जागी आहे, नुसता खुबा..."

"दात काढू नकोस, ताट सांडेल," व्हर्ना म्हणाली. पण तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला, तो तिला वेळेत खाली आणता आला नाही.

"मम, मी उचलून बसवतो तुला," डेस म्हणाला. "एका सेकंदात."

"तुला मी उचलला. उलटा व्यवहार चालणार नाही."

मग नाइलाजाने शॉर्टीने काम सुरू केलं, कारण काही झालं तरी पोरांना समुद्र बघायचा होता. चाकं निघाली, गज निघाला, दोन दाते मागे, पुढेही तेवढंच. व्हर्ना अंगणात खुर्चीवर बसून थंड हॅमचं सँडविच खात होती. डेस आत जाऊन आपल्या आईचं मन कसं वळवायचं याचा विचार करत होता आणि बिल्यानाने त्याला सांगितलं होतं की विचार केलास तर अजून बिघडेल.

दुपारी गाडी पुन्हा चार चाकांवर उभी राहिली. पोरांना धीर नव्हता. नॅन येणारच नाही तर कायदा कसला, असं समजून दोघं भाऊ एकदम आत घुसले. मग झोरा. मग बिल्याना ताट घेऊन. मग डेसने बर्फाची पेटी आत लोटली.

व्हर्नाच्या हातातलं सँडविच तोंडाजवळ थांबलं.

तिची सगळी उमर तराजूसमोर गेली होती. मासे, बटाटे, पुन्हा मासे. काटा हलला की तो तिच्या पाठीलाही दिसायचा. आता तिचं लक्ष मागच्या टायरच्या पांढऱ्या कडेवर होतं. पोरं बसली तशी ती कड चाकावरच्या पत्र्याखाली जराशी गेली. झोरा बसली, अजून गेली. बिल्याना बसली, चांगलीच गेली. पेटी आली आणि कड जवळजवळ नाहीशी झाली.

"उतरा!" व्हर्ना ओरडली.

"आता काय झालं?" बिल्याना आतून म्हणाली.

"उतरा सगळे! खाली!"

सगळे उतरले. पांढरी कड हळूच वर आली.

"बसा!"

"मम..."

"बसा म्हणते ना!"

बसले. कड खाली गेली.

"उतरा! बसा! कलिंगड घ्या आत! शॉर्टी, ती हत्यारांची पेटी ठेव मागे. डेस, तू नुसता उभा काय राहतोस, तुझ्या अंगावर एवढं चढलंय ते कधी कामाला येणार? बस स्टिअरिंगमागे!"

शेजारचा माणूस आता बायकोलाही बोलावून आला होता. व्हर्नाने सँडविच खुर्चीवर ठेवलं, हात झटकले, चालत दाराशी आली. मूठ धरली. आत सगळे श्वास रोखून बसलेले. ताट मांडीवर घट्ट, कलिंगड फिनच्या मिठीत. तिने पाय उचलला. खुबा तक्रारीला आला, पण तक्रार करायची जागा येण्याआधीच पाऊल उंबरठ्यावर टेकलं होतं. एक. दोन.

व्हर्ना टकवेल आत उभी होती.

"म्हणजे," शॉर्टी डोकं खाजवत म्हणाला, मुकुट तिरका झाला, "वजनानेच ती बसते. मी तेच तर सांगत होतो तुम्हाला."

"तू उलट्या बाजूने सांगत होतास."

तेवढ्यात लाची म्हणाला, "पण नॅन, कायदा? तू तर पहिली चढतेस ना?"

 बिल्यानाने लाचीच्या पायावर पाय ठेवला, पण प्रश्न विचारून झाला होता. डेस आरशातून आईकडे बघत होता. आयुष्यभर तिने हा कायदा त्यांच्याकडून पाळून घेतला होता. आता या सगळ्यांच्या वजनाशिवाय तिला ती पायरी मिळणार नव्हती. आधी सगळ्यांनी आत बसायचं, आणि मग व्हर्ना.

तिने आपल्या जागेवर बसायला पुरेसा वेळ घेतला. पट्टा लावला. ब्लाउज सारखा केला.

"पहिले हमाल चढतात," ती म्हणाली. "बाई शेवटी येते. इतकी वर्षं मी तुमचं काम करत होते. चला आता. आणि फिन, खिशातला खेकडा खाली सोड, मला दिसला."

गाडी उतरणीवर आली. गटाराच्या कडेपाशी सगळ्यांनी आपोआप अंग आक्रसलं. "श्वास सोडा," व्हर्ना म्हणाली, "पोट आत घेऊन गाडी हलकी होत नसते." चाकं कडेवरून उतरली. आवाज आला नाही. शेजाऱ्याने टाळी वाजवली, त्याच्या बायकोनेही. शॉर्टीने मुकुट काढून झुकून सलाम केला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की त्याची हत्यारांची पेटी गाडीतच गेली.

पेलिकन इनलेटला ते पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं, चुली पेटल्या होत्या आणि कांद्याचा वास सुटला होता. शेजारच्या जागेवर कॅरॅव्हॅनच्या दाराशी नोरीन पास्क घडीच्या खुर्चीत बसली होती. दाराखाली तिचं ते प्लास्टिकचं स्टूल. बुटकी, लकाकती कॉम्बी वाळूच्या रस्त्याने आली तशी नोरीनने चष्मा वर केला.

डेसने गाडी थांबवली आणि दाराला हात घातला.

"कुणी हलायचं नाही!" व्हर्ना म्हणाली. "मी उतरेपर्यंत जो तो आपल्या वजनासकट जागेवर."

"नॅन, मला शू लागलीय," फिन म्हणाला.

"ती पण धर. तिचंही वजन आहे."

दार सरकलं. व्हर्ना उंबरठ्यावर आली, मूठ धरली आणि खाली उतरली, एक, दोन, जशी दुकानाचं शटर उघडून फुटपाथवर उतरायची तशी. मागे गाडीत पाच जण पुतळ्यांसारखे बसलेले. तिने मान हलवल्यावर सगळे एकदम बाहेर सांडले आणि फिन झाडांकडे पळाला.

नोरीन हे सगळं पाहत होती. "गेल्या वर्षी दिसली नाहीस," ती म्हणाली. "टोमॅटो होते म्हणे."

"होते," व्हर्ना म्हणाली. मग तिनेच दुरुस्त केलं, "नव्हते तसे. खुबा होता."

"हं," नोरीन म्हणाली. "माझे गुडघे आहेत. दोन्ही."

व्हर्नाने पलीकडे पाहिलं, अलीकडे पाहिलं. उतरून उभं राहिलं की हा खुबा थोडा वेळ भुणभुण करायचा. तिच्या खुर्च्या अजून गाडीच्या टपाच्या पेटीत होत्या. तिने पायाने ते प्लास्टिकचं स्टूल जवळ ओढलं, त्यावर बसली, आणि बूड दोनदा हलवून पाहिलं.

"चांगलं आहे हे," ती म्हणाली. "दणकट."

"हत्तींसाठीच असतं," नोरीन म्हणाली.

व्हर्ना मान मागे टाकून अशी हसली की पाण्यावरचे दोन पेलिकन उडाले. मग ओरडून म्हणाली, "बिली! ते झेल्निक आण इकडे, आणि सुरी. आणि पत्ते कुठायत बघ. नोरीन वाटणार आहे."